अण्णांचा संध्याकाळचा आवाज

दारू पिणाऱ्या माणसाला रात्री जाब विचारायचा नाही, ही आमच्या विहाराची रीत आहे. सकाळी दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं, त्याच्या घरचा चहा प्यायचा आणि कप खाली ठेवल्यावर विचारायचं. रात्री विचारलं की भांडण होतं, बायकोपोरांसमोर माणसाची शोभा होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवतही नाही. सकाळी तो शुद्धीत असतो. पितो असं ठरलं तर दारू सुटेपर्यंत त्याने विहारात मागे बसायचं, आणि पिऊन तर यायचंच नाही. ही रीत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पाडली. तिचं पत्रकही त्यांनीच लिहून कामशेतला छापून घेतलं होतं.

आमच्या घरात पत्रकं फार. गुलाबी, पिवळी, हिरवट, हात लावला की शाई बोटाला येणारी. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. अंधश्रद्धेची, हुंड्याची, कंत्राटी कामगारांची, दारूची. डब्यात पोळीखाली पत्रक असायचं, कपाटाच्या फळीवर पत्रक अंथरलेलं असायचं. त्यांतली माणसं सतत उठत, संघटित होत, जाब विचारत. थकत कधीच नसत. थकवा हा शब्द मी एकाही पत्रकात वाचलेला नाही, आणि मी स्वतः लिहायला लागले तेव्हा मीही तो कधी वापरला नाही.

अण्णा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांचा सगळा वेळ विहाराला मिळू लागला. कान्हे स्टेशनापासून आमचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि विहार घरापासून हाकेच्या. पौर्णिमेला संध्याकाळी सगळे जमतात. एकाने पुढे बसून वंदना म्हणायची आणि बाकीच्यांनी एकेक ओळ त्याच्यामागून म्हणायची. पुढे बसणारे अण्णा. त्यांचा आवाज गोड नाही, पण पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असतानाही शेवटच्या सतरंजीपर्यंत जाणारा. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना अण्णा थोडे थांबत, आणि कुणाकडेही न बघता सगळ्यांकडे बघत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला त्यांची डावी पापणी उतरायला लागली. सकाळी सरळ, संध्याकाळी अर्धी खाली. मग भाकरी चावताना ते मधेच थांबू लागले आणि हनुवटीला हाताचा टेका देऊन बसू लागले. एकदा पाणी पिताना ते नाकातून आलं. बोलणं सर्दी झाल्यासारखं गेंगाणं होऊ लागलं, तेही दिवस मावळताना. आई म्हणाली, वय झालं. चष्मेवाल्याने चष्मा बदलून दिला. मी लोणावळ्याला बंगले भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात दिवसभर फोनवर बोलते. पोहण्याचा तलाव आहे का, कुत्रा चालेल का, मोठ्याने गाणी लावली तर चालेल का. संध्याकाळच्या लोकलने घरी येते तेव्हा माझाही आवाज बसलेलाच असतो. घरात दोन दमलेले आवाज, त्यात वेगळं काय, असं वाटायचं.

मग ती पौर्णिमा आली. पहिल्या ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या शीलापाशी शब्द जड झाले. पाचव्या शीलाशी तर ते एकमेकांत कालवले गेले, आणि ज्या शब्दापासून दूर राहायची शपथ घ्यायची तो शब्दच अण्णांच्या जिभेवरून घसरला. मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आज चंद्र लवकर उगावला वाटतं." हसू दाबल्याचा आवाज आला. उठताना अण्णांना एका पायरीच्या दोन दिसल्या. त्यांनी नसलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि भिंतीला धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घरी आले.

एक विहाराचे अध्यक्ष, अण्णांचे कारखान्यातले सोबती, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. दुसरे चिटणीस. अण्णा दारात दाढी करत होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, हातातला आरसा खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "चहा टाक." दोन माणसं सकाळी सोबत आली म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कितीतरी घरांत ते असेच गेले होते.

चहा झाला.

"इचारा की," अण्णा म्हणाले. "कप खाली ठिवला ना?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "गड्या, तू घेतो का?"

"न्हाई."

"मंग संध्याकाळची जीब का जड पडती?"

"ठावं न्हाई."

"आत्ता तर खणखणीत बोलतोयस."

"सकाळी बरं आसतं मला."

चिटणीस पहिल्यांदाच बोलले. "समद्यांचंच सकाळी बरं आसतं, भाऊ."

स्पष्ट आवाज, उघडे डोळे, स्थिर हात, सगळं त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. मी मात्र उभी राहिले. पुरावा काय, वास आला का, कुणी दुकानात पाहिलं का, नुसत्या संशयावर माणसाला मागे बसवायचं असेल तर विहार आणि चावडीत फरक काय, असं मी भडाभडा बोलत गेले. आई म्हणाली, "गप बस." काका म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानंच ही रीत लावलीय." आणि अण्णा, ज्यांच्यासाठी मी भांडत होते ते, म्हणाले, "रीतीपरमाणं झालं. चौकशी होईस्तवर मी पुढं बसत न्हाई."

जाताना काकांनी चपला घालायला फार वेळ लावला.

ऑफिसातल्या एका सहकारिणीच्या सांगण्यावरून मी अण्णांना तळेगावच्या बाजूला एका मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे नेलं. मुद्दाम संध्याकाळची वेळ घेतली. डॉक्टर तरुण बाई होत्या, आणि त्यासुद्धा दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी अण्णांना मोठ्याने आकडे मोजायला सांगितले. अण्णांनी पत्रक वाचल्यासारखी सुरुवात केली. थोड्या वेळाने आकडे नाकात शिरले, मग एकमेकांत मिसळले. "पुरे," त्या म्हणाल्या, "आता छताकडे बघत राहा, पापणी मिटू नका." आम्ही सगळेच त्या पापणीकडे बघत राहिलो. ती हळूहळू उतरत गेली. मग त्यांनी हातमोज्यात बर्फ भरला आणि त्या डोळ्यावर ठेवला. काढला तेव्हा पापणी वर होती. अण्णा सकाळच्यासारखे दिसत होते. आई तोंडावर पदर घेऊन हसली की रडली, मला कळलं नाही.

पुढच्या खेपेला नसांची तपासणी झाली. कानाजवळ विजेचे बारीक झटके, नाकाच्या बाजूला चिकटवलेली पट्टी, समोर पडद्यावर लाटा. पहिली लाट उंच. तेवढ्याच जोराचा पुढचा झटका, पण लाट जरा ठेंगणी. त्यापुढची आणखी ठेंगणी. अण्णा गप्प पडून होते, आणि त्यांचा संध्याकाळचा आवाज माझ्यासमोर पडद्यावर उतरत होता.

"नस चांगली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नसेतली वीज व्यवस्थित धावतेय. अडचण नस संपते तिथे आहे."

दहावीला मी चेतापेशीची आकृती पाठ केली होती. नावं दिली की गुण मिळत. ती आकृती काय काम करते, ते मला त्या दिवशी कळलं. घरातल्या तारेतून वीज वाहते तशी ती नसेतून वाहत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. हा फरक टिकवायला पेशी सतत राबत असते, आपण झोपलो असलो तरी. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा किंचित ऋण राहते. संदेश आला की पेशीच्या आवरणातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढी जागा क्षणभर धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मागून पोटॅशियम बाहेर पडतं आणि जागा पूर्ववत होते. म्हणजे संदेश एका टोकाला ढकलून दिला आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विरत गेला, असं होत नाही. नसेचा प्रत्येक तुकडा तो नव्याने घडवतो. म्हणून मेंदूतून निघालेला हुकूम वाटेत जराही मंद होत नाही.

पण नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मधे फट असते, डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकी बारीक. दोन चेतापेशींच्या मधेही अशीच फट असते. शाळेच्या पुस्तकात तिला संपर्कस्थान म्हटलं होतं. वीज तिथे थांबते. पोचल्याबरोबर नसेच्या टोकात कॅल्शियम शिरतं, तिथल्या इवल्या पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सांडतं. ते पलीकडे जाऊन स्नायूवरच्या ठरलेल्या जागी बसतं, आणि मग स्नायूत पुन्हा वीज जागी होते. काम झालं की तिथलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन लगेच तोडून टाकतं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. अण्णांच्या शरीराने, जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या आपल्याच शिपायांकरवी, त्या बसण्याच्या जागा बुजवल्या होत्या, मोडल्या होत्या. एकामागून एक संदेश आले की प्रत्येक वेळी रसायन थोडं कमी सांडतं. हे तुमच्याआमच्यातही होतं, पण आपल्याकडे जागा इतक्या जास्त असतात की त्याने काही बिघडत नाही. अण्णांकडे ती शिल्लक उरली नव्हती. म्हणून पहिली ओळ खणखणीत आणि पाचवी पडलेली. विश्रांती मिळाली की पुन्हा बरं. बर्फाने ते विकर मंदावतं, गोळीनेही मंदावतं, आणि सांडलेलं रसायन जरा जास्त वेळ टिकतं.

"म्हंजी मी बोलतो ते निगतं बराबर," अण्णा म्हणाले, "पोचत न्हाई."

"हो. आणि हा आळस नाही, म्हातारपण नाही, दुसरं काही नाही. गोळीची वेळ मात्र चुकवायची नाही. गिळायचे आणि श्वासाचेही स्नायूच असतात."

घरी येताना माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. मथळा, उपमथळे, खाली चौकटीत आवाहन. रात्रीपर्यंत लिहून काढलं. त्यात मी लिहिलं होतं की सरकारी योजनाही अशाच मुंबईहून जोरात निघतात आणि गावाच्या वेशीवरच्या फटीत पडतात. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि त्या परिच्छेदावर काट मारली.

"आजार समजावून सांगतीस का सरकार पाडतीस?"

"दोन्ही."

"मंग दोन्ही ऱ्हाईल." मग त्यांनी बाकीच्यावरही काट मारली. "छापायचं न्हाई हे."

"का?"

"मी पेत न्हाई आसं पत्रक म्या काढायचं? ज्याला लपवायचंय त्योच आसं छापतो. गावात पंधरा दिवस तेच चालंल, भेळंच्या पुड्यावर माझी पापणी."

मग डॉक्टरांचा दाखला तरी देऊ, मी म्हणाले. तेही नको. विहारात बसायला दाखला लागला तर उद्या प्रत्येकाकडे मागतील. मी चिडले. ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच चिडले. तत्त्वाच्या माणसाची मुलगी असणं फार दमवणारं असतं. आपण त्याच्याच भाषेत वाढलेलो असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडायला आपल्याकडे वेगळी भाषा नसते.

शेवटी मी काकांकडे गेले. त्यांना नस, फट, रसायन सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण लहान मूल गोष्ट सांगतं तेव्हा मोठी माणसं ऐकतात तसे. मग मी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही चुकीच्या वेळी आलात. संध्याकाळी या."

"संध्याकाळी जाब इचारायचा नसतो, पोरी."

"जाब नका विचारू. गप्पा मारायला या."

ते आले. चिटणीसही सोबत आले. कारखान्यातल्या जुन्या संपाची गोष्ट निघाली आणि अण्णा रंगले. फाटकावर कोण कुठे उभं होतं, कुणी डबे आणले, कोण साहेबाच्या गाडीला आडवं झोपलं आणि तिथेच घोरायला लागलं. काका हसून हसून खोकले. पण अण्णा थांबेनात. मला शंका आली. त्यांचे शब्द आता जाडसर होत चालले होते, आणि दुपारची गोळी घेतली असेल तर या वेळेला एवढं व्हायला नको होतं. मी उठून बघितलं. दुपारची गोळी पाकिटात तशीच होती.

मी बाहेर आले तेव्हा डावी पापणी पूर्ण खाली होती आणि उजवीही उतरायला लागली होती. अण्णा साहेबाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते, नुसता वारा येत होता. काका हसायचे थांबले होते. आपण काय पाहतोय हे त्यांना कळत होतं. त्यांच्यासमोर, कोऱ्या चहावर, एक माणूस दारू प्यायल्यासारखा होत चालला होता. अण्णांनी चहाचा घोट घेतला, तो नाकातून सदऱ्यावर आला. ते हसायला गेले. गालांनी साथ दिली नाही, नुसता वरचा ओठ उचलला गेला आणि दात दिसले. चिटणीस दचकून मागे सरकले.

"बास," काका म्हणाले. "बास कर, गड्या. दिसलं."

आई गोळी घेऊन आली. तिने त्यांची हनुवटी हातात धरली, मान जरा खाली केली, चमच्याने पाणी दिलं. ती काकांना म्हणाली, "भाऊजी, झालं का बघून?" एवढंच. नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासण्याचा आवाज खूप मोठा येत राहिला.

दोघं तसेच बसून राहिले. गोळी लागू पडायला वेळ लागला. मग उजवी पापणी उठली, पाठोपाठ डावी, अर्धीमुर्धी. अण्णांनी घसा खाकरला.

"पौर्णिमेला पुढं बस," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचाच आवाज नीट नव्हता. "मी सांगतो समद्यांना. वंदना सकाळी घ्यायची आसंल तर सकाळी घेऊ."

"सकाळी बाया कामाला जात्यात लोणावळ्याला. संध्याकाळीच बरी." अण्णा जपून, एकेक शब्द सोडत बोलत होते. "पन आदी मला वलवणला जायाचंय."

मला वाटलं होतं, त्यांचा जीव त्या पुढच्या जागेत अडकला आहे. तसं नव्हतं. ज्या दिवशी डॉक्टरांनी पापणीवर बर्फ ठेवला, त्या दिवसापासून त्यांना एकच माणूस आठवत होता. आमच्याच वस्तीतला, ट्रकवर क्लीनर होता. मी शाळेत असताना अण्णा आणि काका एका सकाळी त्याच्याकडे गेले होते. तो न्हाई म्हणाला होता, सकाळी बरं आसतं म्हणाला होता. त्याला मागे बसवलं, आणि मग तो विहारात यायचाच बंद झाला. आता वलवणला धरणाकडच्या एका बंगल्यावर राखणदार आहे. "त्यालाबी ह्येच आसंल तर?" अण्णा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. महामार्गावर शहरातल्या गाड्यांची रांग लागली होती, आणि धुराने माझं डोकं दुखत होतं. मी मनात पूर्ण भाषण रचलं होतं, त्या माणसाची माफी कशी मागायची याचं. बंगल्याच्या फाटकाशी तो खुर्ची टाकून बसला होता. अण्णांना बघून उठला, खुर्ची पुढे केली, आणि तेवढ्यात वास आला. दोन हातांवरून.

अण्णांनी तरी सगळं सांगितलं. नस, फट, न पोचणारा हुकूम. तो मान हलवत ऐकत होता, मग हसू लागला.

"भाऊ, तुमी लय इचार करता. आवो मी पेतच व्हतो. तवाबी, आताबी."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. इतके दिवस ते जे ओझं घेऊन फिरत होते ते उतरलं, की नुसतंच निरुपयोगी झालं, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून आता फारसं काहीच सांगता येत नाही.

"पन एक सांगू का?" तो म्हणाला. "तुमी सकाळी आल्ता. संध्याकाळी कुनी आलं आसतं, आसं बसलं आसतं, तर बरं वाटलं आसतं."

"आता आलो की."

"व्हय. आला खरं." तो पायरीवर टेकला. "पुढं कोन बसतं आता?"

"मीच. आवाज हाय तवर."

"अन् मधीच गेला मंग?"

अण्णांनी खांदे उडवले. तेही अर्धेच उडाले. "तुमी हायेत की मागं. तोंडपाठ न्हाई व्हय? चालू ठिवायचं."

"मी यायचं म्हंता? आसा?"

पिऊन यायचं नाही हा अण्णांनीच लिहिलेला नियम, त्यांनीच छापलेला, आणि त्यांची गोळी उतरत चालली होती. मला वाटलं, न पिता ये, असं ते म्हणतील. पत्रकात मी तसंच लिहिलं असतं.

"मागं बस," ते म्हणाले. "ये पन."

मग त्यांचे शब्द पुन्हा जड होऊ लागले. त्याचे तर आधीपासूनच होते. दोघं कारखाना, ट्रक, मेलेली माणसं यांबद्दल बोलत राहिले, आणि कुणाचं काय चाललंय ते मला निम्मंच कळत होतं. त्यांना सगळं कळत होतं. मी स्कूटरला टेकून उभी राहिले. सकाळी पुन्हा फोन उचलायचे होते, आणि घरी न्यायचं म्हणून अण्णांना हाक मारायचंही माझ्या जिवावर आलं होतं.